रात्रभर टक्क जागं असलेल्या माणसाच्या शरीरात काय चाललेलं असतं

आई रोज रात्री साडेनऊला दिवा मालवून अंथरुणावर पडायची आणि सकाळी साडेपाचला उठायची, म्हणजे हिशोबाने आठ तास, कुणीही म्हणेल बाई व्यवस्थित झोपते. पण मी सुट्टीला घरी गेले की रात्री पाणी प्यायला उठायचे आणि अंधारातून आवाज यायचा, "काय गं, झोप येत नाही का?" कधी दीड वाजलेला असायचा कधी साडेतीन, आणि प्रत्येक वेळी तीच जागी असायची आणि तीच मला विचारायची. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. घरातले सगळे, मावशी, शेजारच्या काकू, मी सुद्धा, एकच उत्तर द्यायचो की वय झालं की झोप कमी होतेच. त्या चार वर्षांत तिचं बीपी वाढलं, गोळी सुरू झाली, शुगर बॉर्डरवर आली, गुडघे जास्त दुखायला लागले, आणि जी बाई भिशीचे हिशोब तोंडपाठ करायची ती गॅसवर दूध ठेवून विसरायला लागली. आम्ही ही सगळी दुखणी वेगवेगळी धरली. त्यांचा झोपेशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, आणि जेव्हा आलं तेव्हा मी या विषयाच्या मागेच लागले. जे समजलं ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगते.

आधी ते वयाचं बघू, कारण त्या एका वाक्यापायी कितीतरी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं सोसत राहतात. वयाबरोबर झोप बदलते हे खरं आहे, गाढ झोपेचा वाटा कमी होतो, मध्ये मध्ये जाग येते, संध्याकाळी लवकर पेंग यायला लागते आणि पहाटे लवकर डोळा उघडतो. पण तासन्‌तास कूस बदलत पडणं आणि दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसणं हे वय नाही, तो आजार आहे. डॉक्टरांची व्याख्या साधी आहे. झोप लागायला त्रास होतो, किंवा लागलेली टिकत नाही, किंवा फार पहाटे जाग येऊन परत डोळा लागत नाही, असं आठवड्यातून किमान ३ रात्री आणि किमान ३ महिने चाललंय, आणि त्याचा दिवसा त्रास होतोय, तर तो क्रॉनिक म्हणजे जुनाट निद्रानाश. मोठ्या माणसांपैकी साधारण १० टक्क्यांना हा असतो असं जगभरच्या अभ्यासांत दिसतं, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, आणि पाळी जायच्या सुमाराला तर अजूनच.

या व्याख्येत अजून एक अट आहे जी लोक विसरतात, ती म्हणजे झोपायला वेळ आणि जागा असूनही झोप येत नाही. शेतीची थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत आली म्हणून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणारा शेतकरी, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा पोरगा, तान्हं बाळ असलेली आई, यांना झोप मिळत नाही. त्यांना एक रात्र मोकळी द्या, पाठ टेकता टेकता घोरायला लागतील. माझ्या आईला सगळी रात्र मोकळी होती आणि झोप लागत नव्हती. हा फरक मुद्दाम सांगतेय कारण झोप न होण्याच्या दुष्परिणामांबद्दल आपण व्हॉट्सअॅपवर जे वाचतो त्यातलं बरंचसं पहिल्या प्रकारावर, म्हणजे धडधाकट माणसांना प्रयोगशाळेत जागं ठेवून केलेल्या अभ्यासावर बेतलेलं असतं. निद्रानाशाच्या पेशंटला ते जसंच्या तसं लागू होतंच असं नाही. पुढे जिथे जे असेल तिथे तसं सांगेन.

आता झोप लागते कशी ते बघू. दिवसभर मेंदू काम करतो तसा त्यात अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते जितकं साठेल तितका झोपेचा दाब वाढतो. (चहा-कॉफीतलं कॅफिन हे अॅडेनोसिन मेंदूत जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवून ठेवतं, आणि प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं अंगातून जायला साधारण ५ तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही पोटात जागा असतो.) दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं आतलं घड्याळ, जे उजेड-अंधारावर चालतं. अलेक्झांडर बोर्बेली नावाच्या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये या दोन गोष्टी एकत्र मांडल्या आणि झोपेबद्दलची समज आजही बरीचशी त्या पायावर उभी आहे. दाब भरपूर आणि घड्याळात रात्र, की झोप लागते.

मग आईला का नाही लागायची? दिवसभर राबायची, दमायची, म्हणजे दाब तर असणारच. इथे तिसरी गोष्ट येते आणि माझ्या मते निद्रानाशाचं मूळ समजायचं तर हीच समजून घ्यायला हवी. समजा गावात बिबट्या आलाय, काल शेजारच्या वस्तीवरचं वासरू नेलं. त्या रात्री कितीही दमलेला असलात तरी झोप लागेल का? नाही लागणार, कुत्रं भुंकलं की दचकाल, पान सळसळलं की कान टवकारतील. शरीराची ही सोय आहे, धोका असताना झोपेवर मात करायची, नाहीतर माणूस जात टिकलीच नसती. निद्रानाशात बिबट्या निघून गेलेला असतो, कधीकधी तर आलेलाच नसतो, पण शरीराचा पहारा उठलेला नसतो. डॉक्टर याला हायपरअरावजल म्हणतात. गंमत वाटेल पण हा पहारा फक्त रात्रीचा नसतो, चोवीस तास असतो. कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन चढं राहतं, नाडी थोडी जलद, अंगाची भट्टी थोडी जास्त पेटलेली, आणि झोपेत मेंदूचा आलेख काढला तर झोपलेल्या मेंदूतही जागेपणीच्या जलद लहरी सापडतात. म्हणून असे लोक दमलेले असतात पण पेंगुळलेले नसतात, दुपारी आडवं व्हायला सांगितलं तरी डोळा लागत नाही. ज्याला दिवसा बसल्या जागी, टीव्हीसमोर, बसमध्ये, समोरचा बोलत असताना झोप येते त्याचं दुखणं बहुतेक वेगळं असतं, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं म्हणजे स्लीप अॅप्निया आहे का ते त्याने आधी तपासून घ्यावं. दोन्ही एकत्र असलेले पेशंटही भरपूर असतात.

पहारा सुरू कसा होतो आणि उठत का नाही याचं उत्तर आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये तीन पायऱ्यांत दिलं आणि मी ते वाचलं तेव्हा आईची गोष्ट कुणी बघून लिहिलीय असं वाटलं. पहिली पायरी स्वभावाची, काही माणसांची झोप मुळातच सावध असते, आईची तशीच होती, आम्ही लहानपणी नुसतं कण्हलो तरी ती उठून बसायची. दुसरी पायरी निमित्ताची, बाबा शेवटचे दोन महिने हॉस्पिटलात होते आणि ती त्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून, सलाईनची बाटली संपतेय का ते बघत रात्री काढायची, बिबट्या खरोखर दाराशी होता. हे निमित्त संपलं की बहुतेकांची झोप काही आठवड्यांत परत येते. ज्यांची येत नाही त्यांच्याकडे तिसरी पायरी असते, म्हणजे झोप यावी म्हणून आपणच चांगल्या मनाने सुरू केलेल्या गोष्टी. आई झोप कमी पडते म्हणून नऊ-साडेनऊलाच आडवी व्हायला लागली. रात्री झालेली नाही म्हणून दुपारी दोन तास पडून राहायला लागली. उशाशी घड्याळ ठेवून किती वाजले, अजून किती तास उरले याचा हिशोब करायला लागली. दिवसा मरगळ घालवायला चहाचे दोन कप वाढले. यातली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची वाटते आणि प्रत्येक गोष्ट झोपेचा दाब कमी करते किंवा पहारा वाढवते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोज काही तास अंथरुणात टक्क जागं पडल्यावर मेंदूला पक्कं समजतं की अंथरूण ही जागं राहायची जागा आहे. रात्री सोफ्यावर सिरीयल बघता बघता मान पडायची आणि उठून गादीवर गेलं की डोळे खाडकन उघडायचे, हे तिच्या बाबतीत रोजचं होतं.

हा पहारा वर्षानुवर्षं चालला तर

हृदयापासून सुरू करते कारण आमच्याकडे तिथूनच सुरुवात झाली. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत १० ते २० टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला रोज काही तासांची रजा मिळते. पहारा न उठलेल्या शरीरात ही रजा अर्धवट मिळते किंवा मिळतच नाही. नॉर्वेमध्ये ५० हजारांहून जास्त लोकांवर सुमारे ११ वर्षं लक्ष ठेवून एक अभ्यास झाला, तो २०११ मध्ये छापून आला, त्यात जवळजवळ रोज रात्री झोप लागायला त्रास होणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण तसा त्रास नसलेल्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त दिसलं. हा आकडा वाचून घाबरायला होतं म्हणून त्याचा अर्थ सांगते. १०० पैकी ४५ जणांना अटॅक येतो असा याचा अर्थ अजिबात नाही. समजा एखाद्या वयाच्या १०० माणसांत एरवी ४ जणांना अटॅक येणार असेल, तर इथे तो ६ च्या आसपास जणांना येईल, असा. शिवाय अशा अभ्यासात निद्रानाश आणि अटॅक एकत्र दिसतात, एकामुळेच दुसरं झालं हे शंभर टक्के सिद्ध होत नाही. तरीही पुरावा इतका साठलाय की २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय सांभाळायच्या मूलभूत गोष्टींच्या यादीत आहार, व्यायाम, तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, वजन यांच्या शेजारी झोपेलाही बसवलं.

इथे एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासांत असं दिसलं की निद्रानाशाची तक्रार आहे आणि यंत्राने मोजली तरी झोप खरोखर ६ तासांच्या खाली आहे, अशा लोकांमध्ये बीपी आणि डायबेटिसचा धोका बराच जास्त असतो. उलट तक्रार तशीच पण मोजली तर झोप बऱ्यापैकी भरते, अशांमध्ये तो तितका वाढलेला दिसत नाही. हो, असेही लोक असतात, आणि ते खोटं बोलत नसतात. सावध मेंदूला झोपेतले तुकडे जागेपणासारखेच वाटतात, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही" असं त्यांना मनापासून वाटतं आणि प्रत्यक्षात सहा-सात तास झोप झालेली असते. त्यांचा दिवसाचा त्रास खराच असतो, पण निदान शरीराची तितकी हानी होत नसावी.

शुगरचं तसंच. १९९९ मध्ये शिकागोमध्ये ११ तरुण धडधाकट मुलांना ६ रात्री फक्त ४-४ तास अंथरुणात राहू दिलं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद इतकी घसरली की आकडे डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखे दिसायला लागले. त्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की दोन रात्री झोप कापली तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी होतं. हे मुद्दाम जागं ठेवलेल्या मुलांवरचं आहे हे लक्षात ठेवा, पण जागरणानंतर वरणभातापेक्षा वडापाव आणि गोडधोड का खावंसं वाटतं याचं उत्तर त्यात आहे. जुनाट निद्रानाशात यात कॉर्टिसोलची भर पडते, आणि कॉर्टिसोलचं एक कामच रक्तात साखर सोडायचं आहे, धोका आला तर पळायला इंधन हवं म्हणून. पळायचं तर कुठेच नसतं, साखर रक्तात फिरत राहते.

प्रतिकारशक्तीवर एक प्रयोग मला फार आवडतो कारण तो सरळसोट आहे. १६४ लोकांची आठवडाभराची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले. ज्यांची झोप ६ तासांपेक्षा कमी होती त्यांना सर्दी होण्याची शक्यता ७ तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीपेक्षा जास्त निघाली. हे २०१५ मधलं. वर्षभर सारखं काहीतरी होत राहतं, एक झालं की दुसरं, अशी तक्रार निद्रानाशाच्या पेशंटकडून ऐकू येते त्यात तथ्य असायला हरकत नाही.

दुखण्याचं आणि झोपेचं तर एकमेकांच्या हातात हात. झोप झाली नाही की दुखणं सहन करायची पातळी खाली येते, तोच गुडघा तितकाच झिजलेला पण जास्त ठणकतो, आणि ठणकला की झोप लागत नाही. आईचं गुडघ्याचं मलम बदलून बदलून आम्ही थकलो होतो.

आणि मन. याबद्दल थोडं थांबून लिहायचंय. पूर्वी डॉक्टरसुद्धा असंच मानायचे की डिप्रेशन हा आजार आणि झोप न येणं हे त्याचं लक्षण, डिप्रेशन बरं केलं की झोप आपोआप येईल. आता चित्र बदललंय. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा दिसलं की आज डिप्रेशन नाही पण निद्रानाश आहे अशा माणसाला पुढे डिप्रेशन होण्याची शक्यता दुपटीच्या आसपास असते. म्हणजे निद्रानाश आधी येऊन दार उघडून ठेवतो. रात्री तीन वाजता एकटं जागं पडल्यावर जे विचार येतात ते दिवसा येत नाहीत, प्रत्येक काळजी तिप्पट होते, बोलायला कुणी नसतं आणि ज्या मेंदूने भावनांना आवर घालायचा तो थकलेला असतो. जगण्याचा कंटाळा आलाय, संपवून टाकावं असे विचार आणि निद्रानाश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय. घरात कुणी असं बोललं, अगदी सहज म्हणून बोललं, तरी ते हलकं घेऊ नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाईन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आई एकदा म्हणाली होती, "रात्र झाली की मला संध्याकाळपासूनच भीती वाटते गं." मी तेव्हा तिला जायफळ घालून दूध प्यायला सांगितलं आणि विषय संपवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मेंदूबद्दल लोकांना सगळ्यात जास्त धास्ती स्मृतिभ्रंशाची म्हणजे डिमेन्शियाची असते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा एक मोठा जुना अभ्यास आहे, त्यातल्या जवळपास ८ हजार लोकांना २५ वर्षं बघितलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आले, की पन्नाशी, साठी आणि सत्तरी या तिन्ही टप्प्यांवर सतत ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका ३० टक्क्यांनी जास्त होता. हे झोपेच्या तासांबद्दल आहे, निद्रानाशाबद्दल थेट नाही. निद्रानाश आणि डिमेन्शिया यांचे अभ्यास उलटसुलट आहेत. झोपेत मेंदूतला कचरा धुतला जातो हे जे सगळीकडे फिरतं ते मुख्यतः उंदरांवरच्या २०१३ च्या संशोधनावरून आलंय आणि त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहेत. त्यामुळे आज दूध गॅसवर विसरलं म्हणजे उद्या डिमेन्शिया, असं समजू नका. निद्रानाशात लक्ष लागत नाही, आणि ज्याकडे लक्षच गेलं नाही ते आठवणार कसं. झोप सुधारली की हे बऱ्यापैकी परत येतं, आमच्याकडे आलं.

तात्काळ धोका मात्र वेगळाच असतो आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९९७ मधल्या एका प्रयोगात दिसलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतक्या ढिल्या पडतात. आणि कमी झोपेची सवय झाली की आपण ठीक आहोत असं वाटायला लागतं. २००३ च्या एका अभ्यासात दोन आठवडे रोज ६ तासच झोपू दिलेले लोक शेवटी शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतके चुकत होते, पण विचारलं तर म्हणायचे थोडीशी झोप येतेय, बाकी बरं आहे. टू-व्हीलर चालवणारे, मशीनवर काम करणारे, रात्री उठून अंधारात बाथरूमला जाणारी म्हातारी माणसं, यांनी हे वाचून ठेवा.

हे सगळं रात्री दोन वाजता अंथरुणात पडून मोबाईलवर कुणी वाचत असेल तर त्याला एक सांगते, कारण ही माहितीसुद्धा पहारा वाढवू शकते. वाईट गेलेल्या चार रात्रींनी हृदय बिघडत नाही. शरीर फार हुशार आहे, झोप कमी मिळाली की ते आधी गाढ झोपेचा वाटा वसूल करतं. झोपच न येता माणूस मरतो असं नेटवर जे सापडतं तो एक अतिशय दुर्मिळ आनुवंशिक मेंदूचा आजार आहे, त्याचा आपल्या निद्रानाशाशी काही संबंध नाही. वर लिहिलेले सगळे परिणाम वर्षांच्या हिशोबाचे आहेत, आणि निद्रानाश बरा होतो.

मग करायचं काय

आईला गावातल्या एका डॉक्टरांनी पहिल्या महिन्यात झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी दिली होती आणि ती पुढे तीन वर्षं चालू राहिली, कुणी थांबव म्हटलं नाही, मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी न बघता पट्टी द्यायचा. या गोळ्या काही दिवसांच्या, फार तर काही आठवड्यांच्या संकटासाठी उपयोगी आहेत, मी त्यांना विष म्हणणार नाही. पण रोज घेतल्या तर अंगवळणी पडतात, परिणाम कमी होतो आणि सोडली की झोप पहिल्यापेक्षा जास्त उडते, मग माणसाला वाटतं गोळीशिवाय आपल्याला झोपच नाही. म्हाताऱ्या माणसांत तोल जाऊन पडणं, खुब्याचं हाड मोडणं, डोकं जड राहणं हे वेगळंच. झोल्पिडेम नावाची दुसरी गोळी घेऊन लोक झोपेत चालले, गाडी चालवली, अशा घटनांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आणि हे वाचून आज रात्रीच गोळी बंद करू नका, हात जोडून सांगते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अचानक सोडल्या तर झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या. दारूचं तर नावच नको, तिने डोळा लवकर मिटतो पण उत्तररात्रीची झोप फाटते.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही, सीबीटी-आय नावाची पद्धत, म्हणजे झोपेभोवतीच्या सवयी आणि विचार बदलायचा उपचार. युरोपातल्या तज्ज्ञांचंही तेच म्हणणं आहे. ही साधारण सहा ते आठ बैठकांची असते, आणि झोपेच्या आधी मोबाईल बघू नका, कोमट दूध प्या अशा उपदेशांपेक्षा खूप वेगळी आहे. आम्ही शेवटी शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो (आई आधी तयार नव्हती, "मला काय वेड लागलंय का" म्हणाली), त्यांनी आधी रक्त तपासलं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, लोह. लोह का, तर ते कमी असलं की रात्री पायात वळवळ होते, पाय सारखे हलवावेसे वाटतात, आणि आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायका अॅनिमिक आहेत, तरी हे फारसं कुणी विचारत नाही. घोरते का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, तेही विचारलं. मग एक वही दिली, दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं, किती वाजता पडले, अंदाजे किती वेळ जागी होते, किती वाजता उठले.

वहीतून निघालं की अंथरुणात आठ तास आणि झोप सव्वापाच तास. बाईंनी सांगितलेला उपाय ऐकून आई रडकुंडीलाच आली. म्हणाल्या, आजी, तुम्ही आता रात्री बारापर्यंत अंथरुणाला पाठ टेकायची नाही, आणि काहीही झालं तरी साडेपाचला उठायचं, दुपारचं आडवं होणं बंद. ज्याला झोप येत नाही त्याला कमी झोपायला सांगायचं, हे कुणालाही क्रूर वाटेल. पण दाब आठवा. वेळ आवळला की अॅडेनोसिन साठत जातं, झोपेचे विखुरलेले तुकडे एकत्र येतात, आणि अंथरुणातला बहुतेक वेळ, म्हणजे १०० पैकी ८५ मिनिटं झोपेत जायला लागली की मग पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवायचा. सोबत दुसरा नियम, पडल्यावर वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, उशाचं घड्याळ तर त्यांनी कपाटात ठेवायला लावलं) आणि झोप नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी शांत करायचं आणि पेंग आली की परत यायचं. म्हणजे मेंदूला पुन्हा शिकवायचं की अंथरूण झोपायची जागा आहे. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी, गाडी किंवा मशीन चालवणाऱ्यांनी हे आवळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि सहसा कुणालाच पाच तासांच्या खाली जायला लावत नाहीत.

पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. ती दिवसा चिडायची, मला फोन करून म्हणायची ही कसली बाई आणि हा कसला उपचार. रात्री बारापर्यंत काय करायचं म्हणून तिने वाती वळायला घेतल्या, पुठ्ठ्याचं खोकं भरलं वातींनी. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी तिचा फोन आला, नेहमीच्या वेळी नाही, सात वाजता, घाबरलेली, "अगं आज मला गजर ऐकूच आला नाही." गोळी सुटायला त्यानंतर पाच महिने लागले, पाव-पाव गोळी कमी करत. बीपीची गोळी अजून चालू आहे, ती झोपेने गेली असं मी म्हणणार नाही, पण आकडा स्थिर झालाय, आणि भिशीचा हिशोब परत तिच्याकडे आलाय.

आता ती सहा तासांच्या आसपास झोपते, मध्ये एकदा जाग येते, परत लागते. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी तीन रात्री परत गेल्या. तिने गोळी मागितली नाही, लवकर आडवी झाली नाही, रात्री उठून स्वयंपाकघरात वाती वळत बसली, साडेपाचला उठून अंगणात सडा घातला. चौथ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा तिच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. मी दारात जरा वेळ उभी राहिले आणि परत येऊन झोपले.